दोन दारांचा फ्रिज

१४ मार्च

ताईंना नमस्कार.

नमस्कार मनापासून केला आहे. पुढचं पत्र तसं नाही, तेव्हा बसून वाचा.

आज सकाळी पुन्हा दूध नासलं. चहात ओतलं आणि फुटलं. तुमचे बंधू म्हणाले, "टाकू नकोस, आंबट झालंय, विष नाही झालेलं." आणि ते फुटलेलं दूध साखर घालून प्यायले. मला दाखवून प्यायले. मग ऑफिसला जाताना पोट धरून गेले, पण चेहरा असा की जणू लढाई जिंकली.

चिमी रांगत होती तेव्हा घरखर्चाचा जो आकडा ठरला, तोच आकडा आजही माझ्या हातावर पडतो. चिमी आता माझ्या खांद्याला लागली. तिचे पाय वाढले, भूक वाढली, शाळेची फी वाढली, आकडा मात्र जागचा हलला नाही. यांचा पगार वाढला की बचत वाढते, घराच्या वाट्याला काही येत नाही. विचारलं की एकच उत्तर ठरलेलं आहे, "ही ताईची शिस्त आहे. आधी बाजूला टाकायचं, मग उरलेल्यात घर."

उरलेल्यात घर! म्हणजे आम्ही मायलेकी उरलेल्या!

गेल्या महिन्यात मी एक वस्तू मागितली. कोणती ते तुम्हाला ठाऊकच आहे, कारण नको म्हणणाऱ्या तुम्हीच. दोन दिवसांनी मला निरोप मिळाला, "ताईला विचारलं. ताई म्हणाली, हिच्या हाताला वळण हवं, आज हे मागेल, उद्या ते." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या हाताला आता कसलं वळण लावताय? या हातांनी एका साबणाच्या वडीत महिना काढते मी.

तुम्ही यांना पाठवलेलं पत्र मला वाचायला मिळालं नाही, पण पाकीट पाहिलं. केवढाली ती अक्षरं! पत्ता पाकिटाबाहेर सांडायचाच राहिला होता. पोस्टमनवरसुद्धा ओरडता का हो तुम्ही?

एकच विचारते आणि थांबते. पैशापलीकडे तुम्हाला काही दिसतं का? साठवलेल्या नोटांची पट्टी बांधली आहे का डोळ्यांवर? एकदा नीट डोळे उघडून या घराकडे बघा, मग शिस्त शिकवा.

फोन यांच्या ऑफिसात आहे, तेव्हा बोलायची सोय नाही. टपाल दुपारी येतं, त्या वेळी घरी मीच असते. उत्तर द्यायची हिंमत असेल तर द्या.

नाइलाजाने तुमचीच,
भावजय

२ एप्रिल

वहिनीबाई,

पत्र पोचलं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण गप्प बसलं की लोकांना वाटतं आपलंच खरं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. दूध नासतं म्हणे! अगं, थंडीत दोन दारांचा फ्रिज घेतलास ना? मग दूध नासतं कसं? दूध वरच्या दारात ठेवतेस की खालच्या? की चार लोकांना दाखवायला घेतलाय आणि आत भांडी रचून ठेवली आहेस?

बाळ्याने मला सगळं सांगितलंय. थंडीत येऊन गेला तेव्हा बोलताना त्याचा आवाज एवढासा झाला होता. "ताई, या वर्षी तुझ्यासाठी काही करता येणार नाही गं. हिने हट्टाने फ्रिज घेतला, तोही दोन दारांचा. हप्ते संपेपर्यंत हात बांधलेले आहेत." मी म्हटलं, राहू दे बाबा. घरात भांडणं नकोत. माझं एक काम होतं, ते पुढच्या वर्षी करू. काम कसलं ते तू विचारू नकोस. तुझ्या बर्फापुढे त्याची काय मातब्बरी!

आईवडील गेले तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलाला उभी राहून मी त्याला वाढवलं, शिकवलं. काटकसर मी त्याला शिकवली, हो शिकवली, आणि त्याची मला लाज नाही. तो स्वतःवर दमडी उडवत नाही. पण पदरी अशी बायको पडली की कुबेराचीसुद्धा झोळी होईल.

आणि तो हाताच्या वळणाचा निरोप माझा नव्हे. मला कुणी काही विचारलेलं नाही. पण विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं!

ताई

७ एप्रिल

ताई,

कोणता फ्रिज?

मी हे पत्र स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. समोर ओटा आहे, त्यावर शेगडी. बाजूला खिडकी, तिच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा. खाली मोरी. मोरीशेजारी पाण्याने भरलेली परात, परातीत दुधाचं पातेलं, पातेल्यावर ओलं फडकं. हा आमचा फ्रिज. याला एकही दार नाही. फडकं दर तासाला ओलं करावं लागतं, म्हणून मी दुपारी कुठे जाऊ शकत नाही. दोन दारं सोडा, मला एका दाराबाहेर पडता येत नाही.

उन्हाळ्यात भाजी टिकत नाही म्हणून रोज थोडी थोडी आणायची, ती महाग पडते. दूध अर्धं नासतं म्हणून जास्त घ्यायचं. संध्याकाळी उरलेलं सकाळी फेकायचं. यांना हे सगळं दिसतं, पण हा खर्च घराच्या आकड्यातून होतो ना, मग यांच्या बचतीला धक्का लागत नाही! म्हणून मी फ्रिज मागितला होता. हीच ती वस्तू. साधा, लहान, एका दाराचा. यांनी सांगितलं, ताईला विचारतो. आणि मग सांगितलं, ताई नको म्हणाली.

तुम्हाला विचारलंच नव्हतं. मला फ्रिज घेतलाच नव्हता. आणि आपण दोघी इतके दिवस एकमेकींच्या नावाने बोटं मोडतोय!

आता मला सांगा, तुमचं राहिलेलं काम कोणतं? विचारू नकोस म्हणू नका, मी विचारणारच. तुमचं हे पत्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. अक्षरं आणखी मोठी, आणि एक ओळ दुसरीच्या अंगावर चढलेली. शेवटच्या दोन ओळी तर कागद सोडून गेल्या आहेत. मला वाटलं होतं तुम्ही रागाने असं लिहिता. पण रागात माणूस असं लिहीत नाही ताई. मी रागावले की माझं अक्षर बारीक होतं, आत्ताही झालंय, बघा.

काय झालंय तुम्हाला?

भावजय

२१ एप्रिल

पोरी,

तुझं बारीक झालेलं अक्षर मला दिसलं नाही. तुझी पत्रं मला आमच्या कारखान्यातली इस्त्रीवाली वाचून दाखवते. डबा खायच्या सुट्टीत, कपड्यांच्या ढिगामागे बसून. लिहिते मात्र मीच. कागदावर पट्टी ठेवते, तरी ओळ घसरते.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, डावा पिकत आलाय, लवकर काढून टाका. ते माझं काम. कापणीच्या टेबलावरून मला काढलं, कारण दोनदा खुणेच्या आत कात्री चालली आणि कापडाचे थर वाया गेले. आता खाली बसून शिवलेल्या कपड्यांचे सुटे धागे तोडते. ते बोटांना कळतात. पगार निम्मा झाला. चाळीस वर्षं जिच्या खुणेवर कारखाना चालला, तिला काल आलेली मुलगी सांगते, "मावशी, धागा राहिला." आतून नुसती पेटते मी.

बाळ्याला हे सगळं माहीत आहे. मी त्याला दवाखान्याचे पैसे विचारले, तेव्हाच त्याने तो फ्रिज काढला. दोन दारांचा! खोटं बोलायचं तर निदान एका दाराचं बोलायचं.

तुला एक गोष्ट सांगते. आम्ही दोघंच राहिलो तेव्हा मी मातीचं मडकं आणलं, वर चीर असलेलं. दर आठवड्याला त्यात काहीतरी पडलंच पाहिजे, उपाशी राहिलं तरी. आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी चादर पसरून ते फोडायचं. निघेल ते त्याच दिवशी खर्च करायचं. बूट, पांघरूण, छत्री, औषध. एक नाणं मागे ठेवायचं नाही. ही माझी शिस्त होती. भरायचं आणि फोडायचं, दोन्ही मिळून एक. फोडायच्या दिवशी तो मडकं पोटाशी धरून रडायचा. मी म्हणायची, काय माया करतो पोरगा मडक्यावर! माया कसली, त्याला फोडणंच नको होतं. माझी अर्धीच शिस्त त्याने उचलली आणि तुझ्या डोक्यावर नेऊन आपटली.

आणि ऐक. त्याची ती बँकेतली ठेव माझ्या नावावर आहे. वयस्करांना व्याज अर्धा टक्का जास्त मिळतं म्हणून त्यानेच केली. मी कधी हात लावला नाही, घामाचे पैसे त्याचे. आता हात शिवशिवतोय. तू आधी त्याच्याशी बोल. त्याला एक संधी देऊ.

ताई

२५ एप्रिल

ताई,

बोलले. जेवण वाढायच्या आधी बोलले, नाहीतर जेवून झोपले असते.

मी म्हटलं, "ताईंना दिसत नाही." तर म्हणतात, "माहीत आहे." इतक्या शांतपणे, जणू मी सांगितलं बाहेर ऊन आहे. मी म्हटलं, "मग आपला तो दोन दारांचा फ्रिज विकून त्यांचे डोळे करू या का?"

तेव्हा मात्र कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "ताईला नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. म्हणून तुझं नाव घेतलं."

"आणि मला नाही म्हणायला ताईंचं?"

"हो."

"मग तुमचं नाव कोण घेतं या घरात?"

ताई, माणूस दारू पीत असता, जुगार खेळत असता, तर मी चार माणसांत ओरडले असते, चार माणसं माझ्या बाजूने उभी राहिली असती. पण हा माणूस फुटलेलं दूध पितो! लोक माझं कौतुक करतात, काय निर्व्यसनी नवरा मिळालाय! याचं व्यसन कुणाला दिसत नाही. तो वाढणारा आकडा यांची दारू आहे. दर महिन्याला पासबुक आणतात, दिव्याखाली धरतात आणि अशा चेहऱ्याने बघतात की तसं माझ्याकडे लग्नाच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं.

शेवटी म्हणाले, ठेवीची मुदत डिसेंबरात संपते, आत्ता मोडली तर व्याज बुडेल, डिसेंबरात नक्की बघू. चिमी ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, आत्याच्या डोळ्यांची मुदत कधी संपते?"

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला वाढलं आणि यांना वाढलं नाही. शेवटी हे स्वतःच्या हाताने घेऊन जेवले. ते तुम्हाला पत्र लिहिणार आहेत म्हणे. वाचायला इस्त्रीवालीला आधी पाणी पाजा.

भावजय

३० एप्रिल

प्रिय ताईस,

तुम्ही दोघींनी मिळून मला गुन्हेगार ठरवलं आहे, म्हणून लिहितो.

मी स्वतःवर काय उडवलं? चहा ऑफिसातला पितो. एकच पट्टा बारा वर्षं वापरतो, त्याला भोकं मीच पाडली. हे सगळं कुणासाठी? तुमच्यासाठीच ना? उद्या काही संकट आलं तर हात पसरायची वेळ येऊ नये, एवढीच माझी इच्छा. लहानपणी आपण काय भोगलं ते तू विसरलीस का? मी विसरलो नाही. वाण्याने आपल्याला पायरीवरून उतरवलं होतं, ते मला अजून आठवतं.

फ्रिजबद्दल बोललो ते चुकलं. पण त्यात कुणाचं नुकसान झालं नाही, कारण फ्रिज घेतलेलाच नाही. पैसे सगळे जागच्या जागी आहेत.

डिसेंबरपर्यंत कळ काढ. मोतीबिंदू काही पळून जात नाही. मुदतीआधी ठेव मोडणं म्हणजे हाताने पैसे जाळणं आहे, हे तूच मला शिकवलं असतंस.

तुझा,
बाळ्या

९ मे

बाळ्या,

तुझं पत्र इस्त्रीवालीने वाचलं. "कुणाचं नुकसान झालं नाही" या वाक्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "बाई, हे मी पुन्हा वाचू का? मला वाटलं मीच चुकले."

संकटासाठी साठवलंस म्हणतोस. मूर्खा, संकट आलं आहे. ते तुझ्या दाराशी उभं आहे आणि तू त्याला डिसेंबरात ये म्हणून सांगतोस.

वाण्याची पायरी मलाही आठवते. म्हणून तर मी मडकं फोडायची. पुन्हा त्या पायरीवर जायला लागू नये म्हणून.

सोमवारी मी बँकेत जाते आहे. हिला बोलावलं आहे, ती माझं बोट सहीच्या जागेवर ठेवील. ठेव मोडणार. व्याज बुडेल तेवढं बुडू दे. तुला यायचं तर ये, पण मडकं पोटाशी धरून रडायला येऊ नकोस, आता तू माझ्या कमरेएवढा राहिलेला नाहीस.

यापुढे भरायचं काम तुझं, फोडायचं हिचं.

ताई

१८ जून

ताई,

तुम्हाला गाडीत बसवून आले आणि तेव्हापासून डोक्यातून एकच गोष्ट जात नाही. उजव्या डोळ्याची पट्टी सुटली, तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "किती वाळलीस गं," आणि मी हसत असतानाच डॉक्टर डाव्याबद्दल बोलले. आत दाब वाढून नस गेली. मोतीबिंदू काढला तरी नजर येणार नाही. "हिवाळ्याच्या आधी आणायला हवं होतं."

हिवाळ्याच्या आधी! म्हणजे तो दोन दारांचा फ्रिज या घरात येण्याच्या आधी.

आणि यांनी काय विचारलं ते तुम्हीही ऐकलंत. "मग बिल एकाच डोळ्याचं ना?" सवयीने तोंडातून निघून गेलं. मग स्वतःच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि नर्स बाजूला व्हा म्हणेपर्यंत तसेच उभे होते. मला दया यायला हवी होती. नाही आली. अजूनही आलेली नाही. आली की कळवीन.

काल दुपारी हमाल फ्रिज घेऊन आले. दोन दारांचा. मी म्हटलं, पत्ता चुकलाय. त्यांनी पावती दाखवली, तुमच्या नावाची. ताई, हे काय केलंत? मला एका दाराचा चालला असता. मी परातीजवळ बसून रडले, मग परात धुऊन उपडी घातली.

हे संध्याकाळी आले. बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग मला विचारलं, "दार लावल्यावर आतला दिवा खरंच बंद होतो का?" मी म्हटलं, आत बसून बघा.

घरखर्चाचा आकडा मी आता स्वतः ठरवला आहे. चिमीचे बूट आले. बचतही होते, तुम्हाला काळजी नको, पण ती कशासाठी आहे ते नाव आधी ठरतं, मग पैसे पडतात. पहिलं नाव चिमीच्या शिक्षणाचं आहे.

तुमची (आता नाइलाजाने नव्हे),
भावजय

३ जुलै

पोरी,

अक्षर बघ. लहान काढलं आहे आणि ओळ सोडलेली नाही.

फ्रिजचं विचारतेस. बाळ्या एकदा बोलून गेला होता दोन दारांचा. माझा भाऊ खोटारडा ठरलेला मला चालणार नाही, म्हणून त्याचा शब्द खरा केला. त्याच्याच पैशांनी केला, त्यामुळे त्याला चांगलाच आठवणीत राहील.

मालकांनी परत टेबलाला उभं केलंय. एका डोळ्याने अंतर कळत नाही, पहिल्या दिवशी कात्री ठेवायला गेले ती टेबलाच्या अलीकडेच खाली पडली. मी उचलली आणि पुन्हा ठेवली. आता आधी हाताने कापड चाचपते, मग कापते. थर कमी देतात, पण खूण माझी आहे. डावा डोळा गेला त्याचा राग गेलेला नाही आणि मी घालवणारही नाही. बाळ्या दर रविवारी येतो, समोर बसतो. मी त्याला मुद्दाम डाव्या बाजूला बसवते.

आता खरी गोष्ट. नजर आल्यावर पहिल्यांदा काय वाचलं असेल? तुझी पत्रं. पहिल्यापासून. आणि पहिल्याच पत्रात मला असा मजकूर सापडला जो मी कधी ऐकलाच नव्हता. पोस्टमनवर ओरडता का, डोळ्यांवर नोटांची पट्टी बांधली आहे का, पैशापलीकडे काही दिसतं का!

इस्त्रीवालीला जाब विचारला. ती इस्त्री न थांबवता म्हणाली, "ज्या माणसाला दिसत नाही त्याला हे वाचून दाखवायला माझी जीभ वळली नाही. मी गाळलं."

मी संतापले. तिच्यावर, तुझ्यावर. मग घरी येऊन पुन्हा वाचलं, सावकाश, एका डोळ्याने. पोरी, त्यातला एकही शब्द चुकलेला नाही. चुकलाय तो फक्त पाकिटावरचा पत्ता.

म्हणून ते पत्र सोबत परत पाठवते आहे. ज्याचं आहे त्याला दे. तुझ्यासमोर मोठ्याने वाचायला लाव, आणि काही गाळू देऊ नकोस.

ताई